दिघेबाईंनी न घेतलेला चहा

शिरूरच्या पोपटरावांना लोक तोंडावर आप्पा म्हणत आणि पाठीमागं अर्जआप्पा. नाव ठेवणाऱ्यांचाही तसा दोष नव्हता. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गावानं पेढे वाटले, आणि आप्पांनी आता आपलंच सरकार आलं म्हणून दौत-टाक काढून पहिला अर्ज लिहिला. तेव्हापासून गटार, एसटीचा कंडक्टर, सोसायटीचं ओलं खत, देवळामागं बांधलेली कुणाची तरी म्हैस, यातलं काहीही त्यांच्या टाकातून सुटलं नाही. अर्जांचं पुढं काय व्हायचं म्हणाल, तर काही नाही. म्हैस अजून देवळामागंच होती. पण आप्पांना म्हशीपेक्षा अर्जाची गोडी जास्त.

साहेबलोकांविषयी आप्पांचा एक सिद्धांत होता. साहेब ज्याच्या घरचा चहा पितो त्याच्या बाजूनं लिहितो. मोजणीदार, ऑडिटर, फौजदार, सगळे त्यांनी याच मापानं मोजले होते. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो तसा प्यायल्या चहालाही जागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि दारात येऊन जो चहाला नाही म्हणतो तो घरधन्याच्या तोंडात मारून जातो, हा त्या सिद्धांताचा दुसरा भाग.

अशा या आप्पांवर पुण्याच्या कोर्टात दावा लागला, आणि तो लावला त्यांच्या जावयानं.

जावई संपत दौंडला रेल्वेत फायरमन होता. इंजिनावर कोळसा मारायचा. आप्पांची एकुलती लेक गीता त्याला दिलेली. ती तापानं गेली, आणि गेली तेव्हा संपत ड्यूटीवर होता. आप्पांनी मनात एवढंच धरलं की पोरगी मेली आणि हा गडी इंजिन हाकत होता. दहाव्याला ते दौंडला गेले, दारातूनच पाच वर्षांच्या नातीला, रतनला, उचललं आणि परत फिरले. त्यानंतर संपत दोनचारदा शिरूरला आला. आप्पांनी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावला. तीन वर्षं अशी गेली, आणि मग कोर्टाचा कागद आला. बाप मुलगी मागत होता.

वकिलांनी आप्पांना गोड बोलून फसवलं नाही. ते म्हणाले, "आप्पा, कायदा बापाच्या बाजूनं आहे. तुमची आशा एकच. कोर्टानं पोरांच्या खात्याची, म्हणजे बालकल्याणवाल्यांची, एक बाई नेमली आहे. ती दोन्ही घरं बघून रिपोर्ट देईल. तो तुमच्या बाजूनं आला तर मुलगी राहील, नाहीतर नाही."

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. तीन वर्षं रतन त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. तिच्याशिवाय घर कसं असेल ते त्यांनी मनात आणून बघितलं, आणि लगेच दुसरा विचार काढला. दुसरा विचार असा, की बाई यायच्या आधी घर सजवायचं.

बाई येणार त्या दिवशी घर ओळखू येईना. बांगडीवाल्या अयुबच्या घरून पलंग आला. सोसायटीच्या कचेरीतलं घड्याळ भिंतीवर चढलं. शेजाऱ्याची वासरासकट गाय दारात आली, दूधदुभत्याची चंगळ दिसावी म्हणून. आप्पांच्या बायकोनं, साळूबाईंनी, हे सगळं बघून फक्त एवढंच विचारलं, "अवो, आन् माणसं आपलीच ठिवायची का तीबी कुणाची आणायची?"

पोरांच्या खात्याच्या दिघेबाई उन्हातून चालत आल्या. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी घर बघितलं, रतनची पाटी बघितली, मग पलंगावर हात ठेवून विचारलं, "तू यावर झोपतेस का गं?"

"न्हाई," रतन म्हणाली. "अयुबचाचाचा हाय. सांजच्याला परत द्यायचाय."

आप्पांनी गाईकडं तोंड फिरवलं. गाय तरी बोलणार नाही एवढा त्यांना भरवसा होता.

मग चहा आला. आलं घातलेला, निरशा दुधाचा, ठेवणीतल्या कपबशीतून. दिघेबाईंनी हात जोडले. "माफ करा. ज्यांचा दावा चालू आहे त्यांच्या घरी आम्हाला काही घेता येत नाही. पाणीसुद्धा नाही. नियम आहे."

"अवो बाई, घोटभर."

"घोटभरही नाही."

"ह्ये काय खरं न्हाई," आप्पा म्हणाले. एवढे रागावलेले असताना ते इतकंच बोलले, हेच नवल. बाई निघून गेल्या. कपातल्या चहावर साय धरली. आप्पा त्या सायीकडं बघत बसले आणि त्यांना दिसलं की नात हातची गेली.

रतन तेवढ्यात कुठं नाहीशी झाली ते कुणाला कळलं नाही. आली ती घामाघूम.

"कुठं गेलतीस गं?" साळूबाईंनी विचारलं.

"कुठं न्हाई," असं म्हणून ती परसात जाऊन किटली घासायला बसली. एरवी भांड्याला हात न लावणारी पोर आज किटली का घासते, हे आप्पांना विचारायला सुचलं नाही. त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आठवडाभरानं अयुब दौंडचा बाजार करून आला. तो शिरूर-दौंड असे दोन्ही बाजार बांगड्या विकत फिरायचा, त्यामुळं दोन्हीकडच्या बातम्या त्याच्या पेटाऱ्यात असत.

"आप्पा, तुमची ती चष्मेवाली बाई दिसली," तो म्हणाला. "संपतच्या चाळीत. वट्यावर बसून चहा पीत हुती. चांगलं दोन कप."

"दोन?"

"मी समोरच बांगड्या भरीत हुतो की. पर आप्पा, ती जी बसली हुती ना, ती..."

अयुबला पुढं बोलायचं होतं. पण आप्पा दौत शोधायला उठले होते, आणि दौत शोधणाऱ्या आप्पांना ब्रह्मदेवाचंही ऐकू येत नसे.

तो अर्ज आप्पांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर अर्ज. त्यात लिहिलं होतं, "सदरहू बाईंनी सही करणार याचे घरी पाणीही वर्ज्य केले, उलटपक्षी दौंड मुक्कामी दोन कप चहा प्राशन केला. सबब सदरहू बाईंचा कल चहाच्या दिशेने झुकलेला असून त्यांचा रिपोर्ट ग्राह्य धरू नये."

साळूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाईनं काय लिवलंय ते तरी कळू द्या आधी."

"त्यात कळायचं काय? चहा कुठं प्याली ते कळलं, म्हंजी रिपोर्ट कळला."

अर्ज खात्याकडं गेला. खात्यानं कळवलं, की प्रकरण कोर्टात असल्यानं या तक्रारीचा विचार करता येत नाही, कोर्टाकडं जावं. आप्पा कोर्टात गेले. कारकून म्हणाला, तक्रार खात्याच्या बाईंविरुद्ध आहे, खात्याकडं जा. आप्पा पुन्हा खात्याकडं गेले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, तक्रार मन लावून ऐकली आणि कोर्टाचा पत्ता दिला. मग आप्पांनी वरच्या साहेबांना लिहिलं, त्यांच्या वरच्यांना लिहिलं. जिल्ह्याच्या कुठल्याशा खात्यानं तो अर्ज जुन्या म्हशीच्या अर्जाला जोडला आणि कळवलं, की तपासणीसाठी जनावर घेऊन समक्ष हजर राहावं. तेव्हा साळूबाई जात्यावर डोकं टेकून हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांना रात्री झोप येत नव्हती. रतन उशाशी झोपलेली असायची आणि ते तिच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं करत राहायचे.

तारखेच्या दिवशी सगळे पुण्याला गेले. साक्षीदार म्हणून आप्पांनी अयुबला नवी टोपी घालून बरोबर घेतलं. कोर्टाच्या एका बाकावर हे, दुसऱ्यावर संपत एकटाच. अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि नखांतून न निघणारा कोळसा. रतन त्याच्याकडं चोरून बघत होती आणि त्यानं बघितलं की आजीच्या पदरात तोंड घालत होती.

न्यायाधीश पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी आप्पांचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आप्पांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत त्यांचा अर्ज शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस त्यांना भेटला होता.

"पोपटराव," न्यायाधीश म्हणाले, "तुमची तक्रार खात्यानं माझ्याकडं धाडली आणि आमच्या कारकुनानं खात्याकडं. वाटेत कुठंतरी त्यांची गाठ पडली असेल. आता मीच ऐकतो. दिघेबाई, दौंडला चहा घेतलात?"

"घेतला," दिघेबाई म्हणाल्या.

"दोन कप?"

"दोन."

आप्पांनी सगळ्या कोर्टावरून नजर फिरवली.

"संपतरावांच्या घरी?"

"नाही. संपतराव ड्यूटीवर होते आणि त्यांच्या आई सोजराबाई दळणाला गेल्या होत्या. मी शेजारच्या खुर्शिदबींच्या ओट्यावर बसले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं चौकशी करणं माझं कामच आहे. त्यांचा कसला दावा नाही, त्यामुळं त्यांचा चहा नियमात बसतो."

"त्येच तर मी सांगत हुतो!" मागच्या बाकावरून अयुब म्हणाला. आप्पांचा साक्षीदार तो, आणि त्याची साक्ष एवढीच झाली.

"आणि शिरूरला?" न्यायाधीशांनी विचारलं.

दिघेबाईंनी आप्पांकडं बघितलं. "शिरूरलाही घेतला. तो मात्र नियमात बसत नाही. मी रिपोर्टात तसं लिहिलं आहे."

"आमच्यात? साफ खोटं!" आप्पा उभे राहिले. वकिलांनी त्यांना खाली ओढलं, आणि न्यायाधीशांनी रिपोर्ट मोठ्यानं वाचायला घेतला.

"मी घरातून निघून एसटी स्टँडवर आल्यावर मुलगी माझ्यामागे धावत आली. हातात किटली होती. कप आणायला ती विसरली होती, म्हणून तिने मला झाकणात चहा ओतून दिला. ती म्हणाली, 'बाई, तुम्ही प्या, न्हाईतर आप्पा रातच्याला जेवायचे न्हाईत. आन् मी दिला म्हणून त्यास्नी सांगू नका, त्यांना वाटंल त्यांचं कुणी ऐकत न्हाई.' नियम मोडून मी तो चहा घेतला. या घरातला पलंग उसना होता, घड्याळ उसने होते, गायही बहुधा उसनी होती. माया मात्र त्यांची स्वतःची आहे. माझ्या मते मुलीने आजी-आजोबांकडे राहावे. एक चूक या घरात आहे. मुलीला बापाला भेटू देत नाहीत. ती सुधारावी."

आप्पांनी रतनकडं बघितलं. रतन जमिनीकडं बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या रिपोर्टावर त्यांची सगळी भिस्त होती, तोच रिपोर्ट बाद करा म्हणून आप्पांनी आपल्या हातानं सरकार पालथं घातलं होतं.

संपतचा वकील चलाख होता. तो उठून म्हणाला, "साहेब, पोपटरावांचंच म्हणणं मी पुढं मांडतो. ज्याचा चहा, त्याचा रिपोर्ट. बाईंनी पोपटरावांच्या चुलीवरचा चहा घेतला, तोही नियम मोडून. तेव्हा आमचीही तक्रार आहे. रिपोर्ट बाद करावा."

बाकांवरची माणसं हसली. न्यायाधीशांनाही हसू आवरायला चष्मा पुसावा लागला. "छान. म्हणजे रिपोर्टाविरुद्ध आता दोन्ही बाजू एक झाल्या," ते म्हणाले. "मधल्या सुट्टीत तुम्ही सगळे बाहेर जा. सासऱ्यानं जावयाबरोबर चहा घ्यावा. वकिलांनी घेऊ नये. मग येऊन सांगा, तक्रारी ठेवता की मागं घेता. दोघांनीही मागं घेतल्यात तर मी हाच रिपोर्ट मानीन."

बाहेर पडताना आप्पांचे वकील कानाशी लागले. "आप्पा, त्याचं कसंही करून मन वळवा. त्यानं तक्रार मागं घेतली की मुलगी तुमची."

कोर्टासमोरच्या हॉटेलात ते बाकड्यावर बसले. इकडं आप्पा आणि साळूबाई, तिकडं संपत, आणि मधे रतन. अयुबनं शहाणपणा करून लांबचं टेबल धरलं. चहा सांगून झाला. मग रतननंच बापाला हळूच विचारलं, "दादा, इंजिनाची शिट्टी तुम्हीच वाजवता?"

"डायवर वाजवतो. पर मला बी देतो कवाकवा."

"मला देईल?"

"तुला न्हाई देणार तर कुणाला? पर कान झाकाय पायजेत. मागं एकदा शिट्टी झाली आन् शेडातल्या मुकादमाची टोपी उडून कोळशात पडली."

रतन खळखळून हसली. तिचे हात आपोआप कानांवर गेले होते. आप्पांनी ते हसू ऐकलं. नातीला हसवायला त्यांनी कमी केलं नव्हतं, जत्रा दाखवल्या होत्या, बाहुल्या आणल्या होत्या. पण हे हसू त्यांच्या घरात कधी आलं नव्हतं, आणि ते कुणी अडवून धरलं होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

चहा आला. आप्पांनी सवयीनं कप पुढं सारला. जावयाचा चहा ते घेत नसत.

संपत सासऱ्याला मामा म्हणायचा. तो म्हणाला, "घ्या मामा. हाटेलातला हाय, माझ्या घरचा न्हाई."

आप्पांनी कपाला हात लावला नाही.

"बाईनं एक कप घेतला न्हाई तर तुम्ही पुण्यापातूर अर्ज केलं," संपत खाली बघतच बोलत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "गीताच्या दहाव्याला तुम्ही माझ्या दारातनं पाणी बी न घेता पोरगी उचलून नेली. मी कुणाकडं अर्ज केला न्हाई. आता कोर्टात आलो, ते पोरगी मला वळखायची बंद हुईल म्हणून."

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रतन झाली तवा गीतानं बाजारातनं कपबशी आणली. सोनेरी काठाची. म्हणली, आता मूल झालं, आता आप्पा येतील, आपल्या घरचं घेतील. तुम्ही सांगावा धाडला, नातू झाल्यावर येतो म्हणून. ती कपबशी फळीवरच हाय, मामा. आई कुणाला हात लावू देत न्हाई."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आप्पांच्या घरातली जुनी रीत. रतन झाली तेव्हाच ती रीत फिटली होती. पण आप्पांनी आपल्या मनानं तिला पुढं वाढवलं, मूल म्हणजे मुलगा असं धरलं, आणि लेक वाट बघत राहिली. घरी आलेल्यानं चहा नाकारला की तोंडात मारल्यासारखं होतं, असं जगाला सांगत फिरणाऱ्या माणसानं पोटच्या पोरीचा चहा पाच वर्षं नाकारला होता. तिनं कधी तक्रार केली नव्हती. आप्पांनी कप ओढून घेतला, तो इतक्या घाईनं की अर्धा चहा बशीत सांडला. रतननं बशी उचलून त्यांच्या ओठांशी धरली.

आप्पा चहा प्यायले आणि उपरण्यानं डोळे पुसून म्हणाले, "हाटेलवाल्यानं आलं लई घातलंय." मग संपत म्हणाला, "मी तक्रार मागं घेतो, मामा. बाईनं खरं लिवलंय. पोरगी तुमच्यात सुखी हाय, ते मला बी दिसतंया. मला भेटाया येऊ द्या, बस."

म्हणजे खटला जिंकला होता. आप्पांना एवढंच करायचं होतं, की कोर्टात जाऊन मान हलवायची.

सुट्टी संपल्यावर न्यायाधीशांनी विचारलं. दोघांनी तक्रारी मागं घेतल्या. "मग रिपोर्टाप्रमाणं मुलगी पोपटरावांकडं," असं म्हणून ते लिहायला लागले.

"थांबा साहेब," आप्पा उभे राहिले. वकिलांनी कोट ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. "बाईनं शेवटाला आमची चूक लिवलीय. तीन वर्सांची चूक हाय ती. आठवड्यातनं एकदा भेटून न्हाई फिटायची. पोरगी शाळंला दौंडला बापाकडं जाऊ द्या. सुट्टीला आमच्यात." एवढं बोलून ते खाली बसले. साळूबाईंनी भर कोर्टात त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

न्यायाधीशांनी रतनला जवळ बोलावलं. "तुला चालेल का गं?"

रतननं विचार केला. "आप्पा दौंडला येणार असतील तर," ती म्हणाली.

सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. दिघेबाईंनीही.

"येतो की," आप्पा म्हणाले.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आप्पा आणि साळूबाई रतनला घेऊन दौंडला उतरले. चाळीत पोचेपर्यंत आप्पा दोनदा परत फिरायच्या बेतात होते, पण रतननं बोट सोडलं नाही. ओट्यावर खुर्शिदबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी "या, या" म्हणून आप्पांना नीट निरखून घेतलं. हेच ते चहावाले, हे त्यांना कळलं असावं.

आत सोजराबाईंनी पाणी दिलं. आप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा संपवला. चहा रतननं केला, आज मीच करणार म्हणून हट्ट धरला होता. संपतनं फळीवरची सोनेरी काठाची कपबशी काढून धुतली, पुसली आणि पुढं ठेवली. आप्पांनी ती हातात घेतली आणि नुसतीच बघत बसले.

"गार हुईल, आप्पा," रतन म्हणाली.

मग आप्पा प्यायले. चहात साखर इतकी पडली होती, की चमचा उभा राहिला असता. दूध करपलेलं होतं. पत्ती गाळायची राहिली होती, ती दाताखाली येत होती. साळूबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या, आता हा माणूस काहीतरी बोलणार म्हणून.

आप्पांनी कप खाली ठेवला. "आणिक अर्धा दे बाळ," ते म्हणाले, आणि कप पुढं केला.